विनाथांबा गाडी

विमानात पाऊल ठेवायच्या आधीच इस्त्रीवाली दमली होती. पण ते कुणाला दिसू दिलं तर ती इस्त्रीवाली कसली! तीस वर्षं बस डेपोच्या फाटकाला लागून टेबल टाकून तिनं साठ-साठ माणसांचे गणवेश कडक करून दिले होते. तिची मान त्या कॉलरींपेक्षा कडक. आणि जिभेचं तर विचारूच नका. डेपोतले लोक म्हणायचे, कोळसे विझले तरी हरकत नाही, बाई दोन शब्द बोलली की कापड आपोआप सपाट होतं.

तिचा नवरा त्याच डेपोत कंडक्टर. गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत, आणि घरात तीही तेच म्हणे. "अहो कंडक्टर, ताट वाढलंय." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. पण दोन वर्षांपासून कंडक्टरांच्या डोक्यातून नेमकी निवृत्तीच गळून पडली होती. कधीही उठायचे, बूट चढवायचे आणि "गाडी लागली असेल" म्हणत घराबाहेर. एकदा भाजीबाजारात उभ्या असलेल्या बायकांकडे तिकिटं मागितली. एकदा परक्याच्या जिन्यात बसलेले सापडले. एकदा तर अर्धा दिवस सापडलेच नाहीत. तेव्हापासून इस्त्रीवाली दाराला खाट लावून झोपायची. झोपायची म्हणजे आडवी व्हायची. तिचा एक डोळा कडीवर आणि एक कंडक्टरांवर.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कमी बोलणारा, कामाला वाघ. दोन वर्षं त्यानं हे पाहिलं आणि शेवटी एक कागद आणला. गावाबाहेर एक संस्था होती, अशा माणसांना सांभाळणारी. बाग होती, डॉक्टर होता, फाटकाला कुलूप होतं. कागदावर बायकोची सही लागत होती.

"आई, तू किती दिवस पुरणार?"

"तुझ्या बापाला पुरून उरेन."

"दोन वर्षांत नीट झोपली नाहीस."

"मेल्यावर झोपायचंच आहे. घाई काय आहे?"

हा तंटा चालू असतानाच धाकटीची तिकिटं आली. धाकटी म्हणजे त्यांची लेक. लग्न करून समुद्रापलीकडे गेलेली, आणि सहा वर्षांत कागदपत्रांच्या भानगडीत तिला येणं जमलं नव्हतं. तिनं चौघांनाही महिनाभर बोलावलं. बापाच्या डोक्याचं तिला आईनं एवढंच सांगितलं होतं की, "जरा विसरतात." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगा म्हणाला, "चौदा तासांचं विमान आहे. बाबा चौदा तास बसतील?"

"बसतील."

"कुणाला त्रास न देता?"

"न देता."

"लावतेस शर्त? बसले, तर तो कागद मी तुझ्यासमोर फाडतो, पुन्हा विषय नाही. नाही बसले, तर परत आल्या आल्या तू सही करायचीस."

"लाव. पण माझीही एक अट. मधे कुणी हात घालायचा नाही. तू नाही आणि ही नाही. माझा नवरा आहे, मी बघीन."

"ही" म्हणजे सून. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. शांत बाई. इस्त्रीवाली म्हणायची, दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघून हिनं स्वतःचं मिटून घेतलंय. सुनेनं ते ऐकलं होतं आणि नेहमीप्रमाणे पोळपाट धुवायला गेली होती.

अशी ही शर्त. त्यापायी इस्त्रीवालीनं विमानातल्या जागाही वेगळ्या घ्यायला लावल्या. ती दोघं पुढं, मुलगा-सून सहा ओळी मागं.

विमानतळावर पट्टा काढा, बूट काढा, हात वर करा, सगळं झालं. कंडक्टरांचा तिकिटं टोचायचा चिमटा तिनं आधीच मोठ्या बॅगेत दडवला होता, म्हणून ते सारखे रिकामा खिसा चाचपत होते. तपासणीवाल्यानं हटकलं.

"खिशात काय आहे, आजोबा?"

"काही नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

"मग सारखा हात का लावतायत?"

"सवय आहे. तुमचा हात मघापासून मिशीवर आहे, तिथं काय लपवलंय?"

तपासणीवाल्यानं हात खाली घेतला आणि त्यांना सोडलं.

खरी करामत तिनं घरूनच करून ठेवली होती. कंडक्टरांना सांगून टाकलं होतं, "आज तुमची सुट्टी. स्टाफ पासावर चाललोय. विनाथांबा गाडी आहे, आरामात बसायचं." कंडक्टरांना ते पटलं. सुट्टीच्या दिवशी पासावर जाणाऱ्या माणसानं खिडकीशी बसून झोपा काढायच्या असतात, हा त्यांच्या खात्यातला रिवाज. आपण काय डोकं लढवलं, म्हणून इस्त्रीवाली स्वतःवरच खूश होती. एक गोष्ट मात्र ती विसरली. हाडाचा कंडक्टर सुट्टीवर असला तरी डोळे सुट्टीवर पाठवत नाही.

तिनं त्यांना खिडकीशी कोंबलं आणि बाटलीला बूच मारावं तशी स्वतः मधल्या खुर्चीत बसली. कडेला एक लठ्ठ गृहस्थ आले. बसले, पट्टा लावला आणि विमान हलायच्या आत घोरू लागले. इस्त्रीवालीला बरं वाटलं. बुचावर आणखी दगड.

कंडक्टरांनी मान उंचावून सगळं पाहून घेतलं. "तीनशे सीट असतील."

"असतील."

"कंडक्टर किती?"

"त्या पोरी आहेत ना, निळ्या कपड्यातल्या. सात-आठ आहेत."

"तिकिटं कुणी बघितली?"

"खाली दारात बघितली की."

"दारात बघून काय उपयोग? मधे कुणी चढला म्हणजे?"

"मधे कोण चढणार? ढग?"

कंडक्टरांना हे रुचलं नाही. तीनशे माणसं बसली, दार लागलं, आणि एकही पोरगी तिकीट मागत फिरली नाही. त्या पोरी काय करत होत्या, तर वरचे कप्पे धडाधड लावत होत्या आणि लोकांना उश्या देत होत्या. त्यांच्या वतीनं कंडक्टरांनाच शरम वाटली. तेवढ्यात विमान मागं सरकलं. ते ताडकन ताठ झाले.

"घंटी कुणी दिली? दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हलवली कशी?"

इस्त्रीवालीनं बोटातल्या अंगठीनं पट्ट्याच्या कडीवर दोनदा वाजवलं. टण, टण.

"मी दिली."

"तू कोण देणारी?"

"तुमची बायको. चाळीस वर्षं तुमच्या घराची गाडी कुणाच्या घंटीवर चालली?"

कंडक्टर विचारात पडले, आणि ते विचारात असतानाच विमान उडालं. एक घाट चढून झाला, असं इस्त्रीवालीनं मनाशी म्हटलं.

पण पुढं सपाटीच सपाटी, आणि सपाटीवरच बैल थकतात. दोन तास झाले, चार झाले. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि आत खिडक्यांच्या झापा ओढून खोटी रात्र केली होती. जेवण आलं. शाळेच्या कंपासपेटीत बसेल एवढं, आणि ते उघडायला नख्यांचं बळ लागे. तिनं कंडक्टरांचं एकेक झाकण काढून दिलं, तोवर तिचं गार झालं. पाणी ती प्यायली नाही. पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि उठलं की बूच निघतं. कंडक्टरांना मात्र दोनदा न्यावं लागलं. दोन्ही वेळा लठ्ठ गृहस्थांना जागं करा, त्यांचे पाय ओलांडा, मग शौचालयाच्या दाराशी पहारा. आतून कंडक्टर विचारायचे, "डेपो आला का?" आणि ही बाहेरून, रांगेतल्या माणसांकडे ठाम नजरेनं बघत, "आला की सांगते!"

मुलगा एकदा येऊन गेला. "ठीक?"

"ठणठणीत. जा."

थोड्या वेळानं सून आली. वाकून हळूच म्हणाली, "आई, दोन तास मी बसते इथं. तुम्ही माझ्या जागेवर जाऊन जरा पडा."

"पडायला तो काय पलंग आहे? आणि शर्त विसरलीस वाटतं."

"शर्त तुमची आणि ह्यांची. मी कुठं लावली?"

"लोकांच्या तोंडात बघायचं तुझं काम. माझ्या ताटात बघू नकोस."

सून सरळ झाली. क्षणभर काही बोलेलसं वाटलं, पण ती परत गेली. इस्त्रीवालीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिचे पाय सुजून चपलांच्या बाहेर आले होते, कंबर बधिर झाली होती, आणि जिंकलेलं ठेवायला अंगात जागाच उरली नव्हती.

त्यात त्या घंट्या! कुणाला पाणी हवं असलं, की तो डोक्यावरचं बटण दाबायचा आणि टिंग व्हायचं. पहिल्या टिंगला कंडक्टर अर्धे उठले. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. "कोण उतरतंय? इथं थांबा नाही." तिनं हात धरून बसवलं. दुसरी टिंग, पुन्हा उठले. तिसरी, चौथी. तिनं तर ज्याला-त्याला तहान लागायचा शापच दिला असता, पण मग त्यांनी आणखी बटणं दाबली असती. शेवटी तिनं आपल्या शालीचं एक टोक कंडक्टरांच्या विजारीच्या पट्ट्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. कपड्यांची गाठोडी बांधून तयार झालेली तिची गाठ, ओढली की घट्ट होणारी.

"हे काय?" कंडक्टर म्हणाले.

"थंडी आहे."

मग ती मागं टेकली. फक्त पाठ टेकायची म्हणून. डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं डोळ्यांना बजावलं. डोळ्यांनी सत्तर वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा तिला आधी कळेना आपण कुठं आहोत. तोंड कोरडं, मान एका बाजूला लाकडासारखी. मग सगळं आठवलं. तिनं खिडकीकडे पाहिलं. कंडक्टर होते. तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपले होते. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि मनगटाकडे पाहिलं. शाल बांधलेली होती.

पण गाठ तिची नव्हती. सैलसर, दोन पाकळ्यांची, एका टोकानं ओढलं की सुटणारी. दातांच्या दवाखान्यात माणसाच्या गळ्यात फडकं बांधतात, तशी.

तिनं हळूच दुसऱ्या बाजूला मान वळवली. लठ्ठ गृहस्थ गायब. त्यांच्या जागी सून बसली होती, पाय अंगाशी घेऊन.

"किती वेळ झोपले मी?"

"साडेपाच तास."

"साडेपाच!" इस्त्रीवालीनं कपाळाला हात लावला. "आणि हे?"

"बसले होते."

"कुठं?"

"इथंच, आई. झोपा अजून थोडं."

"मग माझी गाठ काय उंदरांनी सोडली?"

सुनेनं शाल सारखी केली. पण पलीकडच्या रांगेतली एक तरुण बाई, मांडीवर तान्हं घेतलेली, कौतुकानं पुढं झुकली. "झोपले का आजोबा? फार गोड आहेत हो. माझ्या बाळाचं तिकीट विचारलं. मी म्हटलं, चार महिन्यांचं आहे. तर म्हणाले, तीन वर्षांखाली माफ, पण मांडीवरून खाली ठेवायचं नाही." आणि तिनं आपल्या तिकिटाचा तुकडा दाखवला. त्याच्या कडेला अंगठ्याच्या नखानं नेमका एक त्रिकोण काढलेला होता.

इस्त्रीवालीनं त्रिकोण पाहिला. मग सुनेकडे पाहिलं. "बोल. सगळं. एकही शब्द गाळू नकोस."

सून बोलू लागली. खालच्या आवाजात, पण न थांबता.

"तुमचा डोळा लागला आणि एक घंटी झाली. मी मागून बघतच होते. पट्ट्याची गाठ सुटेना, तर त्यांनी तुमच्या मनगटाकडची सोडली. तुम्हाला आणि त्या गृहस्थांना ओलांडून कसे बाहेर आले, देव जाणे. तुमच्या अंगाला बोटही लागलं नाही."

"चाळीस वर्षं भरल्या गाडीतून सरकलाय तो माणूस. मुंगी अडकेल, हे अडकायचे नाहीत. पुढं?"

"मी पोचेपर्यंत चार ओळी तपासून झाल्या होत्या. मला म्हणाले, तिकीट? मी म्हटलं, मी ड्रायव्हर."

"काय?"

"सुचलं ते बोलले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, बाई ड्रायव्हर? बरं झालं, निदान खिडकीतून थुंकणार तरी नाहीस. मग एकदम म्हणाले, तू इथं, तर गाडी कोण चालवतंय?"

इस्त्रीवालीला हसू आलं, पण तिनं ते ओठातच दाबलं. "मग?"

"म्हटलं, लांबचा पल्ला आहे, दोघं असतो. तेव्हा म्हणाले, बरोबर, तसा नियमच आहे. मग आम्ही दोघं फिरलो. त्या पोरींमधली मोठी आधी चिडली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, झोपलेल्यांना उठवू नका म्हणजे झालं. ते ऐकून हेच तिला म्हणाले, झोपलेल्याला कधी उठवायचं नसतं, बाई. तिकीट कुठं पळून जात नाही. एकजण मात्र ओरडला. म्हातारा वेडा आहे का, म्हणाला."

"कोण? कुठं बसलाय?"

"जाऊ द्या. मी माफी मागितली त्याची."

"माझ्या नवऱ्यासाठी तू माफी मागितलीस?"

"मग कोण मागणार? तुम्ही झोपला होतात."

त्या वाक्यात काही टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं.  सून शालीच्या झालरीचा दोरा बोटाला गुंडाळत बसली.

"एवढंच?"

"तीनदा उठले. दोनदा समजावल्यावर बसले. तिसऱ्यांदा…" सून थांबली. "तिसऱ्यांदा सगळ्यांची डोकी मोजली आणि रडायला लागले. म्हणाले, एक माणूस कमी आहे. मागच्या थांब्यावर राहिलं. गाडी मागं घ्या. मी विचारलं, कोण राहिलं? तर म्हणाले, इस्त्रीवाली. ती खालीच राहिली."

विमानाची घरघर चालूच होती. पुढं कुणीतरी खोकलं.

"मी त्यांना इथं आणलं. तुमच्याकडे बोट दाखवून म्हटलं, ह्या बघा, ह्या इथंच आहेत. त्यांनी वाकून तुमचा चेहरा बघितला. खूप वेळ बघितला. मग म्हणाले, ही नव्हे. ही झोपलीये. ती कधी झोपत नाही."

इस्त्रीवालीनं समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. तिथल्या छोट्या पडद्यावर एक विमान समुद्रावरून मुंगीच्या पावलानं चाललं होतं.

"मग बसले कसे?"

"मी म्हटलं, त्या मागच्या गाडीनं येतायत. तेव्हा बसले."

 मग त्या खोट्या रात्रीचे दिवे हळूहळू लागू लागले. लोक जांभया देत उठले. मुलगा डोळे चोळत पुढं आला. दोन पाळ्यांचं काम एकदम संपवून तो विमानात चढला होता, आणि चढल्यापासून मेल्यासारखा झोपला होता. बायको पुढं बसलेली पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"तू इथं कशी?"

"त्या गृहस्थांना पाय पसरायचे होते. जागा बदलून घेतली."

"आणि बाबा? बसले नीट?"

"बसले होते," सून म्हणाली. इस्त्रीवालीकडे न बघता.

मुलानं आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची नाही, ओझं उतरल्याची खूण होती. "शाबास. मग कागद फाडायचा तर."

इस्त्रीवालीनं तोंड उघडलं. आणि आयुष्यात क्वचित करायची ते केलं. काही न बोलता मिटलं.

विमान उतरलं, दारं उघडली, आणि ती माणसांची शेपटी एका लांबच लांब दालनात जाऊन रांगेला लागली. दोऱ्यांनी आखलेली रांग, इकडून तिकडे, तिकडून इकडे, औत फिरल्यासारखी. काचेच्या खोक्यात बसलेला माणूस एकेकाचं पारपत्र चाळत होता. इस्त्रीवालीच्या पायात शिसं भरलं होतं. कंडक्टर ताजेतवाने, रांगेकडे पसंतीनं बघत उभे. इतकी शिस्तीची रांग त्यांच्या डेपोत कधी लागली नव्हती.

ती पायांनी रांगेत पुढं सरकत होती, पण मन एकाच जागी घुटमळत होतं. सुनेनं पदरात घातलेला विजय. घ्यावा, गप्प बसावं, कागद फाटतोय तो फाटू द्यावा. कोण विचारायला येणार? पण मग उद्यापासून पुन्हा दाराला खाट. पुन्हा एक डोळा कडीवर. आणि पुन्हा कधी डोळा लागला, तर त्या माणसाला समोरची बायको ओळखू येणार नाही. तिनं मनात दोन्ही गोष्टी उलटून-पालटून पाहिल्या, आणि दोन्हीकडून सुरकुती निघेना.

"ए," ती मुलाला म्हणाली. "शर्त हरले मी."

"काय?"

"तीनदा उठला तुझा बाप. अख्ख्या गाडीची तिकिटं तपासली. एक माणूस ओरडला. मी घोरत होते."

"आई!" सून कळवळून म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, बसले होते म्हणून?"

"तू गप्प. सुनेच्या खोट्यावर जिंकायला मी अजून एवढी म्हातारी झाले नाही."

मुलगा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मागचा माणूस म्हणाला, "पुढं सरका." चौघं पुढं सरकले.

"मग?" मुलानं विचारलं. "सही करशील?"

"शर्त काय होती? कुणाला त्रास दिला तर. बरोबर? त्रास कुणाला झाला? हिला. साडेपाच तास ही उभी-बसती राहिली, माफ्या मागितल्या, ड्रायव्हर झाली. मग मला काय विचारतोस? हिला विचार. ही म्हणाली सही कर, तर करते. एकेक अक्षर काढायला मला अर्धा तास लागेल, पण करते."

एवढं बोलून तिला धाप लागली. नऊ वर्षांत तिनं सुनेचं मत पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेही मुलाच्या तोंडून.

 कंडक्टर दोरीची पितळी खुंटी तपासत होते, त्यांच्याकडे सून बघत राहिली. मग म्हणाली, "सही नको."

"नको?" मुलगा म्हणाला.

"नको. पण असंही नको. हे मला आधीही म्हणायचं होतं, कुणी विचारलं नाही. आठवड्यातल्या तीन रात्री मी बघीन. तीन रात्री तुम्ही बघायचं," ती नवऱ्याला म्हणाली. " लिफ्टवाल्यांना सांगा, दुहेरी पाळी बंद."

"आणि सातवी?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"सातवी तुमची. बाकी सहा रात्री तुम्ही आतल्या खोलीत, दार लावून झोपायचं. आणि ताईंना बाहेर भेटल्या भेटल्या खरं सांगायचं. जरा विसरतात म्हणून नाही. खरं."

धाकटीला खरं सांगायचं, हे इस्त्रीवालीनं कडू औषधासारखं गिळलं. दोन वर्षं झाकलेली मूठ, तिथं बाहेर काचेपलीकडे उघडायची. पण मान हलवली.

"अजून एक," सून म्हणाली.

"अजून आहेच का? माझ्या आईच्या वेळी सुना एवढ्या अटी घालत नव्हत्या."

"माझ्या पाळीला मागून सूचना द्यायच्या नाहीत. असं धर, तसं बस, तसं नको बोलूस… काही नाही."

मुलानं दुसरीकडे तोंड फिरवलं. तो हसतोय का घाबरलाय, ते कळेना. इस्त्रीवालीला मात्र संस्थेच्या कागदापेक्षा ही अट जड वाटली. तो कागद एकदा सही केला की संपला असता. हे रोजचं होतं.

"एक पण सूचना नाही?"

"एक पण नाही."

"दिवसाला एक."

"आई."

"बरं, दोन दिवसांनी एक."

"आठवड्याला एक," सून म्हणाली, आणि तिच्या स्वरात काही असं होतं, की डॉक्टरच्या खुर्चीतल्या माणसानं निमूट तोंड उघडावं.

"आठवड्याला एक," इस्त्रीवालीनं कबूल केलं. "लिहून घेतेस का?"

"तुमचा शब्द पुरे."

काचेतल्या माणसानं हातानं खूण केली. सुनेनं कंडक्टरांचा दंड धरला आणि म्हणाली, "चला, कंडक्टर." ते हलले नाहीत. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तरी ते खुंटीकडेच बघत उभे. मागची माणसं चुळबुळ करू लागली.

इस्त्रीवालीनं दोन्ही ओठ घट्ट दाबून धरले. मग तिला ते सहन झालं नाही.

"ह्या आठवड्याची आत्ताच घे. उजवा कान गेलाय त्यांचा. डावीकडे जाऊन बोल."

सून वळसा घालून डावीकडे गेली आणि कानाशी हळूच काहीतरी म्हणाली. कंडक्टर मान डोलावून तिच्याबरोबर काचेकडे निघाले. मुलगा चार पारपत्रं हातात घेऊन त्यांच्यामागं गेला.

इस्त्रीवाली सगळ्यांत मागून, सुजलेली पावलं ओढत. काचेपर्यंतच्या दहा पावलांत तिला सांगण्यासारख्या आणखी चार गोष्टी दिसल्या. आणि आठवडा तर आत्ताच सुरू झाला होता.